सवलतीच्या नळ्या

अमेरिकेत १९७५ ते १९८७ या काळात बनलेल्या पिकअप ट्रकचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या आधी नजरेत भरतात त्या नळ्या. काळ्या रबराच्या, बोटापेक्षा बारीक, कार्बोरेटरच्या बुडातून निघून प्लॅस्टिकच्या डबीत शिरणाऱ्या, तिथून इंजिनाच्या गरम पाण्यात टोक बुडवून बसलेल्या एखाद्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या आणि शेवटी कुठल्या तरी पत्र्याच्या चकतीपाशी संपणाऱ्या. त्यांतून पेट्रोल वाहत नाही, पाणी नाही, तेलही नाही. इंजिनाच्या ओढीने तयार झालेला कमी दाब, मेकॅनिकांच्या भाषेत व्हॅक्यूम, एवढाच त्यांतला ऐवज. धुरातले विषारी घटक कमी करणारी बहुतेक यंत्रणा याच कमी दाबावर चालत असे. जुन्या पिकअपच्या शौकिनांमध्ये या नळ्यांविषयी एक मत पक्के झाले आहे: सरकारने धुराचे कायदे केले, कंपन्यांनी त्यापायी हे जाळे इंजिनावर लादले, त्याने गाडीचा जीव गेला, तेव्हा नळ्या उपटाव्यात, कार्बोरेटर बदलावा आणि मोकळे व्हावे. हे मत अर्धे खरे आहे. कायदे नसते तर नळ्या आल्या नसत्या. पण पिकअपमध्ये त्या इतक्या दाट झाल्या आणि मोटारींतून जाऊ लागल्यावरही पुढे कित्येक वर्षे राहिल्या, याचे कारण कायद्याची सक्ती हे नव्हे. ते कारण कायद्याने पिकअपला दिलेल्या सवलतीत आहे.

आधी हा व्हॅक्यूम काय करतो ते पाहू. पेट्रोल इंजिनाला हवा मोजून दिली जाते. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना कार्बोरेटरमधली झडप जवळपास मिटलेली असते, पिस्टन मात्र खाली जाताना हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेपलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब घटतो. पाऱ्याच्या मापात बाहेरच्या हवेपेक्षा १८ ते २० इंचांनी. पेडल दाबत जावे तसा हा फरक कमी होतो आणि पूर्ण दाबले की जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे इंजिनावर भार किती आहे याची खबर तिथे क्षणोक्षणी मिळते, आणि एखादा रबरी पडदा खेचण्याइतके बळही मिळते. खबर आणि बळ एकाच नळीतून, तेही फुकट, असे दुसरे साधन त्या काळच्या इंजिनात नव्हते. म्हणून धुराचा प्रश्न कुणाच्या ध्यानीमनी नसतानाच कारखानदारांनी त्यावर काचेचे वायपर चालवले, ब्रेकचा बूस्टर चालवला आणि हलक्या भारावर ठिणगी थोडी आधी पाडणारा डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सही चालवला. वायपरच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येई: भर पावसात चढावर पेडल दाबले की वायपर मंदावत. (आपल्याकडच्या डिझेल पिकअपला हे फुकटचे बळ मिळत नाही. पारंपरिक डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत अशी झडप नसते, म्हणून ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला, जोडावा लागतो.)

धुराचा प्रश्न उभा राहिला लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या उन्हाळ्यात शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले. आधी संशय कारखान्यांवर गेला आणि १९४७ साली जिल्ह्याने हवेच्या प्रदूषणासाठी वेगळे खातेही उघडले. खरा आरोपी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिला. कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारा हा माणूस शहराच्या हवेकडे वळला आणि त्याने सिद्ध केले की मोटारींतून निघणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. पुढे १९६७ मध्ये राज्याचे हवा मंडळ स्थापन झाले तेव्हा पहिला अध्यक्ष तोच. कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या आरंभी पहिला उपाय सक्तीचा केला तो अगदी साधा होता. इंजिनाच्या तळातून हवेत सुटणारी वाफ एका छोट्या झडपेमार्गे व्हॅक्यूमनेच परत ओढून जाळायची. मोटारीतल्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्याने थांबला, आणि ती झडप आजच्या पेट्रोल गाड्यांतही आहे. पण या यशाने कंपन्यांना एक खोडही लावली. इंजिन आहे तसे ठेवायचे आणि दोष दिसेल तिथे बाहेरून एक उपकरण जोडायचे. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुरावर कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलपासून आणि देशभर १९६८ पासून मर्यादा आल्या, तेव्हाही उत्तर तेच होते: पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप, त्याची हवा केव्हा आत सोडायची आणि केव्हा बाहेर टाकायची हे ठरवणारा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह, त्याला दोन नळ्या. ही उपकरणे लवकर येऊ नयेत म्हणून कंपन्यांनी आपसांत संगनमत केल्याचा खटला अमेरिकी न्यायखात्याने जानेवारी १९६९ मध्ये भरला. त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला.

१९७० च्या अखेरीस अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेला कायदा वेगळ्या तोलाचा होता. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड १९७५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटवा, नायट्रोजनचे ऑक्साइड १९७६ पर्यंत, असे त्यात सरळ लिहिले होते. अडचण अशी की हे घटक एकमेकांच्या विरुद्ध जातात. इंधन नीट जळावे म्हणून इंजिन तापवावे तर जवळपास १,४०० अंशांच्या वर हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी झटपट जुळू लागतो. आच कमी करावी तर न जळलेले इंधन वाढते. त्यातून आला ईजीआर व्हॉल्व्ह. जळून गेलेला थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून आच उतरवणारा हा व्हॉल्व्ह ब्युइकने १९७२ मध्ये आणला आणि वर्षभरात तो सर्वत्र झाला. त्याची चावी म्हणजे व्हॅक्यूमच्या कामगिरीचा सर्वांत सुंदर नमुना. नळीचे तोंड कार्बोरेटरच्या झडपेच्या किंचित वर ठेवतात. इंजिन नुसते चालू असताना झडप त्या तोंडाखाली असते, व्हॅक्यूम पोचत नाही, ईजीआर बंद. झडप थोडी उघडली की तोंड व्हॅक्यूमच्या बाजूला येते, ईजीआर उघडतो. पूर्ण उघडली की व्हॅक्यूमच संपतो आणि ईजीआर पुन्हा मिटतो. नुसत्या चालू इंजिनात धूर परत सोडला तर ते बंद पडेल, पूर्ण जोरात सोडला तर ओढ कमी होईल, आणि दोन्ही वेळा तो सुटत नाही. हे सारे साधते ते फक्त एका छिद्राच्या जागेमुळे.

ज्यांना या नळ्या म्हणजे अडाणी गोंधळ वाटतो त्यांनी हे छिद्र आधी समजून घ्यावे. उरलेले जाळेही याच जातीचे आहे. पाणी गरम होईपर्यंत ईजीआरकडे व्हॅक्यूम जाऊ न देणारा उष्णतेचा व्हॉल्व्ह, सच्छिद्र धातूच्या चकतीतून हवा झिरपवून काही सेकंद उशीर करणारी डबी, चढावर व्हॅक्यूम घटला तरी साठा राहावा म्हणून ठेवलेला डबा, थंडीत एअर क्लीनरच्या नाकाडात गरम हवा ओढणारी झडप, टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून योग्य वेळी इंजिनात सोडणारी नळी. मापन, तुलना, विलंब, अट: संगणक जे करतो ते सारे रबर, स्प्रिंग आणि मेण यांच्याकडून करून घेतले होते. कोणती नळी कुठे जाते याचा नकाशा बॉनेटखाली चिकटवलेला असे. टोयोटाच्या २२आर इंजिनाच्या पिकअपवरचा नकाशा पाहिला तर त्यामागे किती विचार होता ते कळते, आणि तो निभावून नेणे किती कठीण होते तेही. कारण या यंत्रणेला स्वतःचा दोष सांगता येत नाही. एक नळी तडकली की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन मिसिंग करते आणि बाकीचे दहा भाग निर्दोष असूनही संशयात येतात. शिवाय कायद्याने कंपन्यांकडून हमी मागितली होती ती पाच वर्षांची किंवा ५०,००० मैलांची. बॉनेटखालच्या उष्णतेत रबर तेवढे टिकले की कागदावर काम झाले. पिकअप मात्र पंचवीस वर्षे चालवली जाते.

या यंत्रणेचा गैरवापरही पहिल्याच दिवसापासून झाला, आणि तो मालकांनी नव्हे, कारखानदारांनी केला. हवा थंड असेल तेव्हा धुराची उपकरणे बंद करणारे उष्णतेचे स्विच काही गाड्यांत सापडले. सरकारी चाचणी उबदार खोलीत होत असल्याने तिथे ते कधी आड येत नसत. १९७३ च्या सुमारास पर्यावरण खात्याने असे स्विच काढायला लावले, आणि त्यांची माहिती दडवल्याबद्दल फोक्सवॅगनने १९७४ मध्ये १,२०,००० डॉलर भरून प्रकरण मिटवले. चाचणीच्या गाड्यांची नियमाबाहेर देखभाल केल्याबद्दल फोर्डला १९७३ मध्ये सत्तर लाख डॉलर मोजावे लागले होते. म्हणजे नळ्यांकडे अडथळा म्हणून पाहण्याची दृष्टी शौकिनांची स्वतःची नाही. ती त्यांच्याकडे गाडीबरोबरच आली.

आता पिकअपच्या खास इतिहासाकडे वळू. सुरुवातीच्या नियमांत ६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २,७२० किलोपर्यंत, भारक्षमतेची पिकअप आणि मोटार एकाच वर्गात होत्या. हे वजन रिकाम्या गाडीचे नव्हे. गाडी, माणसे आणि जास्तीत जास्त माल मिळून कारखान्याने जाहीर केलेला आकडा. १९७५ च्या मुदतीविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांत पिकअप आणि जीपसारखी स्काउट बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर पुढे होती, आणि पर्यावरण खात्याचे प्रमुख रकेल्सहाउस यांच्या विरोधातला हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. १० फेब्रुवारी १९७३ च्या निकालात न्यायालयाने मुदतवाढीचा फेरविचार करायला सांगितलेच, शिवाय हलक्या ट्रकांना मोटारींपासून वेगळे काढायला हवे असेही म्हटले. त्यातून १९७५ साठी दोन मापे झाली. मोटारीला मैलामागे १.५ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि १५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. हलक्या ट्रकला २ आणि २०. आणि ६,००० पौंडांच्या वरच्या गाड्या अवजड मानल्या गेल्यामुळे त्यांना याहूनही सैल नियम. त्याच वर्षी मोटारींत पाइपातच धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसे त्याला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल १९७४ च्या जुलैपासून पंपांवर ठेवणे सक्तीचे झाले होते, आणि नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते.

फोर्डने १९७५ साली एफ-१५० ही नवी पिकअप आणली. आधीची एफ-१०० होतीच. नव्या गाडीची जाहीर भारक्षमता ६,००० च्या जरा वर नेली होती. तेवढ्याने ती अवजड झाली, कन्व्हर्टर टळला, शिसेयुक्त स्वस्त पेट्रोल चालले. शेवरलेने १९७६ मध्ये ‘बिग १०’ आणली, डॉजने १९७७ मध्ये डी१५०. बाजारात या गाड्यांना ‘हेवी हाफ’ म्हणत, म्हणजे नावाला अर्ध्या टनाच्या आणि कायद्याला अवजड. १९७८ चा डॉजचा ‘लिल रेड एक्सप्रेस’ हा या पळवाटेचा कळस. पोलिसांच्या गाड्यांतल्या इंजिनाची जातकुळी, कन्व्हर्टर नाही, केबिनमागे ट्रेलरच्या ट्रकसारखी उभी दोन धुराडी. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठायला त्या वर्षीच्या कुठल्याही अमेरिकी बनावटीच्या मोटारीने त्याच्याहून अधिक वेळ घेतला, मागे पडलेल्यांत कॉर्व्हेटही होती. आज अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या पिकअपचे नाव एका नियमाचा आकडा चुकवण्यासाठी वाढवलेल्या वजनातून जन्मले आहे, ही गोष्ट तिच्या जाहिरातींत कुठे सापडणार नाही.

इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हेवी हाफ घेणाऱ्याचा फायदा झालाच की. त्याला कन्व्हर्टरची किंमत पडली नाही, इंजिन त्या मानाने मोकळे राहिले, पेट्रोल स्वस्त पडले. मग सवलतीने नुकसान कसे? नुकसान १९७९ मध्ये सुरू झाले. त्या मॉडेलवर्षापासून हलक्या ट्रकाची सीमा ८,५०० पौंडांवर गेली, मर्यादा १.७ आणि १८ ग्रॅम झाली, नायट्रोजनचे ऑक्साइड ३.१ वरून २.३ वर आले. १९८४ मध्ये हायड्रोकार्बन ०.८ आणि कार्बन मोनॉक्साइड १०. ही घसरण तीव्र होती, पण मोटारींइतकी नव्हती. मोटारींना १९८१ मध्येच ०.४१, ३.४ आणि १.० हे आकडे गाठावे लागले. हे आकडे नळ्यांनी गाठणे शक्यच नव्हते. म्हणून मोटारींत ऑक्सिजन सेन्सर, तीन घटकांवर एकदम काम करणारा कन्व्हर्टर आणि संगणक आले. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आपल्या पेट्रोल मोटारींवर संगणकी नियंत्रण सरसकट बसवले. पिकअपचे आकडे मात्र असे मधल्यामध्ये ठेवले होते की जुने इंजिन आणि जुना कार्बोरेटर आणखी चार उपकरणे जोडून कसेबसे पास होई. कंपन्यांनी तेवढेच केले. फोर्डच्या एफ मालिकेतल्या लहान व्ही-८ ला इंधन इंजेक्शन मिळाले १९८५ मध्ये आणि शेवटच्या इंजिनांना १९८८ मध्ये. शेवरलेच्या पिकअपला १९८७, डॉजच्या लहान व्ही-८ ला १९८८. टोयोटाच्या पिकअपमध्ये कार्बोरेटरचे २२आर १९९० पर्यंत विकले गेले. या उशिराच्या वर्षांतच नळ्यांचे जाळे सर्वांत दाट आहे. एखाद्या गाडीचे १९७४ चे आणि १९८४ चे बॉनेट शेजारी शेजारी उघडून पाहावे; इंजिन तेच, नळ्या दुप्पट.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा जुना आहे. ट्रक ओझे वाहतो, ट्रेलर ओढतो, त्याच्या धुराची उष्णता मोटारीपेक्षा जास्त. कन्व्हर्टर जळून जाईल, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स धक्क्यांत तग धरणार नाही. उष्णतेची चिंता खरी होती. पण १९७९ मध्ये सक्ती होताच त्याच कंपन्यांनी त्याच इंजिनांना कन्व्हर्टर जोडले, लिल रेड एक्सप्रेसलाही जोडला, आणि गाड्या चालल्या. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल म्हणावे तर फोक्सवॅगनने १९६८ मध्ये आपल्या टाइप ३ मोटारीत बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन देऊन अमेरिकेत सर्वसामान्य ग्राहकाला विकले होते. गंमत अशी की त्याचा मुख्य सेन्सरही मॅनिफोल्डमधला दाबच मोजत असे. खबर तीच, वाचणारा बदललेला. महाग पडत असे हे मान्य. पण महाग वस्तू स्वस्त होते ती लाखांनी बनवली की, आणि पिकअपच्या लाखो गाड्यांची ती मागणी सवलतीने कित्येक वर्षे पुढे ढकलली.

काही जण होंडाचे उदाहरण देतात. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनाने कन्व्हर्टरशिवाय १९७५ ची मापे पूर्ण केली, आणि १९७३ मध्ये शेवरलेच्या ५.७ लिटरच्या इम्पालावर तशीच रचना बसवून ती अमेरिकी सरकारच्या चाचणीत उतरवूनही दाखवली. ज्वलनकक्षच नव्याने आखला तर उपकरणांची माळ लागत नाही, हा त्याचा अर्थ, आणि तो माझ्या बाजूचा आहे. मात्र हे उदाहरण फार ताणू नये. पुढे मापे आवळत गेली तेव्हा कार्बोरेटर न सोडणाऱ्या १९८० च्या दशकातल्या होंडा मोटारींतही नळ्यांचा असा गुंता झाला की अमेरिकी मेकॅनिक आजही त्या नावाने कपाळाला हात लावतात. कार्बोरेटर धरून बसले की चांगल्या इंजिनाचीही वाट शेवटी तिकडेच जाते.

मग जीव गेल्याची तक्रार? अश्वशक्तीचे आकडे १९७० च्या सुमारास कोसळले हे कुठल्याही माहितीपत्रकात दिसते. पण त्यातला मोठा भाग मापपट्टीचा आहे. १९७१ पर्यंत इंजिन उघडे, पंखा आणि सायलेन्सर काढून मोजत. १९७२ पासून गाडीत बसवल्यासारखे, सर्व सरंजामासह. कॅडिलॅकचे ८.२ लिटरचे इंजिन १९७१ मध्ये ३६५ अश्वशक्तीचे होते आणि १९७२ मध्ये २३५ चे, त्यात फारसा काही बदल झालेला नसताना. खरी घट झाली ती दोन ठिकाणी. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ पासून कॉम्प्रेशन उतरवले, आणि धुराच्या पाइपात उरलेले इंधन जळावे म्हणून ठिणगी उशिरा पाडायला लागले. काही गाड्यांत तर खालच्या गिअरमध्ये व्हॅक्यूम ॲडव्हान्सच तोडत. उशिरा ठिणगी म्हणजे वाया गेलेली उष्णता, तापणारे इंजिन, वाढलेले पेट्रोल. ही घुसमट दूर केली ती कन्व्हर्टरने. धूर साफ करण्याचे काम पाइपात गेल्यावर इंजिनाचे टायमिंग पुन्हा नीट लावता आले, आणि १९७५ च्या मोटारी १९७४ च्या मोटारींपेक्षा पेट्रोल कमी खाऊ लागल्या. शौकीन ज्याला शत्रू समजतो त्यानेच त्याच्या इंजिनाचा गळा सोडवला असता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसे हे नळ्या उपटणे आहे.

उपटल्याने नेमके काय होते तेही तपासून पाहावे. ईजीआर बंद केला की आच वाढते. कारखान्याने ॲडव्हान्सचा आलेख ईजीआर धरून आखलेला असल्याने इंजिन चढावर नॉकिंग करू लागते, आणि पिस्टनला ते सोसत नाही. एअर क्लीनरची गरम हवा तोडली की थंड दमट सकाळी कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. कोळशाचा डबा काढला की पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास. हवेच्या पंपाला लागणारी ताकद इतकी थोडी की काढल्याचा फरक चाकांना कळत नाही. वेबरचा साधा कार्बोरेटर बसवल्यावर टोयोटाची पिकअप खरोखर चांगली चालते, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. पण तिथे जुन्या कार्बोरेटरबरोबर तीस वर्षांची फुटकी रबरे आणि अडकलेले व्हॉल्व्हही गेलेले असतात. तुलना नव्या नळ्यांच्या गाडीशी कुणी करत नाही. याउलट १९८७ च्या शेवरलेतले साधे दोन इंजेक्टरचे इंधन इंजेक्शन जुन्या गाडीवर बसवणारे मेकॅनिक नळ्यांची बहुतेक कामे संगणकाकडे देतात आणि मॅनिफोल्डपासून एक नळी दाबाच्या सेन्सरला जोडतात. इतकी वर्षे दहा वाटांनी फिरवलेली तीच खबर.

कायद्याने या प्रकरणात पुढेही रेघा ओढल्या, आणि रेघ दिसली की माणसे तिच्या कडेला जमतात. धुराच्या उपकरणांशी छेडछाड करायला १९७० मध्ये फक्त कारखानदार आणि विक्रेत्यांना बंदी होती. १९७७ मध्ये गॅरेजांना झाली आणि १९९० मध्ये सर्वांनाच. कॅलिफोर्नियात १९८४ पासून दर दोन वर्षांनी तपासणी आली. त्यात धुराचे माप जितके महत्त्वाचे तितकेच बॉनेटखालचा प्रत्येक मूळ भाग जागेवर असणेही. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना ही तपासणी नाही; तीस वर्षे झालेल्या गाड्यांना दरवर्षी आपोआप सूट देणारा नियम काही काळ होता, तो २००५ मध्ये १९७६ या वर्षाशी गोठवला गेला. परिणाम असा की १९७५ ची एफ-१५० वाटेल तशी बदलली तरी तपासणीत अडकत नाही, तर १९७६ च्या मालकाला कंपनीने केव्हाच बनवणे थांबवलेले व्हॉल्व्ह भंगारातून शोधत फिरावे लागते. त्याचा राग मी समजू शकतो, आणि तपासणीत नळ्या मोजण्यापेक्षा धूर मोजण्यावर भर असावा हे त्याचे म्हणणेही मला पटते.

तरी त्याच राज्याच्या नियमांत एक वाट आहे. इंजिन बदलायचे तर नवे इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, आणि त्याच्या मूळ गाडीतली धुराची सर्व उपकरणे त्याच्याबरोबर यायला हवीत. मग जुन्या इंजिनाची उपकरणे कायदेशीरपणे जातात, नळ्यांसकट. जनरल मोटर्सने २०१० च्या सुमारास ‘ई-रॉड’ नावाने असा संचच विकायला काढला: आधुनिक व्ही-८, कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, संगणक, कोळशाचा डबा, आणि राज्याच्या मंडळाची मंजुरी. १९७८ च्या पिकअपमध्ये तो बसवला की ताकद मूळच्या दुपटीहून वर जाते आणि धूर मूळच्या मानाने नगण्य होतो. स्वच्छ धूर आणि जोरदार इंजिन एकत्र नांदत नाहीत, या समजुतीला यापुढे आधार उरत नाही. अडचण पैशाची आहे. हा संच पुष्कळदा जुन्या पिकअपपेक्षाच महाग पडतो, म्हणून बहुतेक मालक अजून रबरी नळी फुटावर विकत घेतात आणि बॉनेटखालचा विटलेला नकाशा वाचत एकेक टोक बदलत बसतात.